घाट, सागर आणि कोकणची वीज
(नभोवाणीवरील भाषण)



कोकणचा नकाशा फळ्यावर लावला, की शाळेतली मुले प्रथम दोन रेषा दाखवितात. एक पूर्वेची सह्याद्रीची, दुसरी पश्चिमेची समुद्राची. या दोन रेषांमध्ये डहाणूपासून तेरेखोलपर्यंत एक अरुंद पट्टी उभी पसरली आहे. भातशेती, आंबा, काजू, नारळ आणि मासळी यांवर जगणारा हा प्रांत. पुष्कळ वर्षे त्याची ओळख मुंबईला मनिऑर्डरींसाठी माणसे पुरविणारा प्रांत अशीच होती. परंतु याच पट्टीत आज महाराष्ट्रातील अनेक मोठी वीजकेंद्रे उभी आहेत. खोपोली, भिवपुरी, भिरा, पोफळी, तुर्भे, तारापूर, उरण, डहाणू, अंजनवेल, जयगड ही नावे नकाशावर एकेक करून मांडली, तर एक गंमत ध्यानात येते. बहुतेक सर्व केंद्रे त्या दोन रेषांना चिकटून आहेत. काही घाटाच्या पायथ्याशी, तर काही समुद्राच्या किंवा खाडीच्या काठाशी. असे का झाले आणि त्यासाठी कोणाला काय मोजावे लागले, याचा विचार आज आपण करणार आहोत.

प्रथम विजेची मूळ गोष्ट सांगतो. वीज निर्माण करावयाची म्हणजे जनित्राचा आस फिरवावयाचा. तो उंचावरून पडणाऱ्या पाण्याने फिरविता येतो. कोळसा, वायू किंवा अणुइंधन यांच्या उष्णतेने पाण्याची वाफ करून तिच्या जोरानेही फिरविता येतो. जळत्या वायूचा झोत थेट चक्रावर सोडता येतो किंवा वाऱ्याला पाते फिरवू देता येते. सूर्यप्रकाशाच्या तावदानांत मात्र काहीच फिरत नाही. तेथे प्रकाशापासून सरळ वीज मिळते. बाकी सर्व ठिकाणी प्रश्न एकच असतो: चाक कोण फिरविणार?

कोकणात हे काम प्रथम पाण्याने केले. पावसाळ्यात घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो, पण त्यातील बरेचसे पाणी पूर्वेकडे वाहून भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते. घाटमाथ्यावरचा एखादा प्रवाह कोकणच्या कड्यापासून चार-सहा कोसांवर उगम पावतो आणि तेथून शेकडो कोसांचा प्रवास करून दुसऱ्या समुद्राला जातो. तो मध्येच अडवून, डोंगराला भोक पाडून, पश्चिमेच्या कड्यावरून खाली सोडला तर? जमशेटजी टाटा यांच्या मनात ही कल्पना घोळत होती. १९०४ साली त्यांचे निधन झाले. १९११ साली कामाचा पाया घातला गेला आणि १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी नळांतून सुमारे सतराशे फूट खाली येऊन चाकावर आदळू लागले आणि मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे १९२२ साली भिवपुरी व १९२७ साली भिरा ही केंद्रे झाली.

या तिन्ही ठिकाणचे पाणी चाक फिरवून झाल्यावर कोठे जाते? खोपोलीचे पाताळगंगेला, भिवपुरीचे उल्हास नदीला आणि भिऱ्याचे कुंडलिकेला मिळते. त्यामुळे मूळच्या पावसाळी नद्यांना उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. त्यांच्या काठी पुढे गावांच्या पाणीयोजना झाल्या, रोहा-पाताळगंगेकडील कारखाने वाढले, आणि आता तर कोलाडला तरुण मंडळी रबरी होड्यांतून कुंडलिकेवर मौज करावयास जातात, ती भिऱ्याहून सोडलेल्या पाण्याच्याच जिवावर. एका पाण्याने दोनदा काम केले. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे तिचा उपयोग होणार आहे.

परंतु भिऱ्याच्या विजेला एक दुसरी बाजूही आहे. ज्या मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याला उतरते, त्या धरणाखाली मावळातील भातखाचरे आणि वस्त्या बुडणार होत्या. १९२१ साली तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह पुकारला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्या लढ्याचे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती याच सत्याग्रहात. लढा सुमारे तीन वर्षे चालला; धरण थांबले नाही. मुंबईचे दिवे लागले आणि मावळातील चुली विझल्या, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक बोलणे ठरू नये. शंभर वर्षे होऊन गेली, तरी वीजकेंद्रासाठी जमीन मागितली गेली म्हणजे मुळशीचे नाव निघते.

आता कोयनेकडे वळू. कोयना महाबळेश्वरी उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेस वाहते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेस मिळते. त्या वळणापाशी नदी आणि कोकणचा कडा यांच्यामध्ये डोंगराची थोडीशीच भिंत उरते. या भिंतीतून बोगदा खणून पाणी कुंभार्ली घाटाखाली पोफळीला उतरविण्याची योजना झाली. धरण सातारा जिल्ह्यात, वीजगृह रत्नागिरी जिल्ह्यात आणि तेही डोंगराच्या पोटात कोरलेले. १९६२ साली तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे टप्प्याटप्प्याने काम वाढले. पोफळीचे पाणी कोळकेवाडीच्या धरणात साठवून पुन्हा एकदा खाली सोडण्याची सोय झाली. तो तिसरा टप्पा. चौथा टप्पा एक हजार मेगावॅटचा. सर्व मिळून कोयनेची शक्ती सुमारे १,९६० मेगावॅट होते.

चौथ्या टप्प्यासाठी जे काम झाले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. जलाशय तर भरलेला; तो रिकामा करणे शक्य नव्हते. मग त्याच्या तळाशी नवे तोंड पाडावयाचे कसे? अभियंत्यांनी खालच्या बाजूने बोगदा खणीत खणीत जलाशयाच्या तळापर्यंत नेला आणि शेवटी खडकाचा एक जाड थर बुचासारखा राखून ठेवला. १३ मार्च १९९९ रोजी सुरुंग लावून ते बूच उडविण्यात आले आणि तलावाचे पाणी बोगद्यात शिरले. वर पाण्याचा पृष्ठभाग किंचित उसळला, एवढेच काठावरच्या लोकांना दिसले. भारतात असा प्रयोग तोपर्यंत झाला नव्हता. २०१२ साली तेथेच तो पुन्हा यशस्वी करून दाखविण्यात आला.

आता थोडे गणित करू. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार लिटर, वजन एक टन. पोफळीला ते साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवरून पडते. घर्षण आणि यंत्रांतील तूट वजा केली, तर एवढ्या पाण्यापासून एक युनिटाहून थोडी अधिक वीज मिळते. हजार लिटरांना एक युनिट, हे प्रमाण मनात धरावे. कृष्णा खोऱ्यातून कोयनेमार्गे पश्चिमेस किती पाणी वळवावे, याची मर्यादा पहिल्या कृष्णा पाणी-तंटा लवादाने घालून दिली. काही वर्षांच्या सवलतीनंतर ती वर्षास ६७.५ अब्ज घनफूट ठरली. वर्तमानपत्रांत हल्ली ‘टीएमसी’ म्हणून जे माप येते ते हेच. त्याचे सुमारे १९१ कोटी घनमीटर होतात. म्हणजे पोफळीच्या उतारावरच दोनशे कोटी युनिटांच्या वर वीज झाली. महिना शंभर युनिटे वापरणारी सोळा लाखांहून अधिक कुटुंबे वर्षभर पुरतील, एवढी ती आहे. त्यासाठी कोळशाचा एक खडाही जाळावा लागत नाही, धूर निघत नाही, आणि संध्याकाळी दिवे लागण्याच्या वेळी मागणी एकदम चढली, की काही मिनिटांत यंत्रे सुरू करता येतात. कोयनेला महाराष्ट्राची जीवनरेखा म्हणतात ते उगीच नव्हे.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी, की चाक फिरवून झाल्यावर हे पाणी वाशिष्ठी नदीतून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला आणि तेथून समुद्राला मिळते. त्यातील थोडे गावांच्या व कारखान्यांच्या उपयोगी पडते. बाकीचे खारट होते. कोकणात पावसाळ्यात पाण्याला तोटा नाही. उलट, घाटाच्या पूर्वेला पन्नास-साठ कोसांच्या आत चित्र पालटते. कोयनेच्या पाणलोटात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, तर आटपाडी, जत या भागांत पाचसहाशे मिलिमीटर. तेथल्या शेतकऱ्यासाठी ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजना झाल्या आहेत. त्या कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने चढवून दुष्काळी माळावर नेतात. पंप चालतात विजेवर, आणि नदीला पाणी हवे असते कोयनेचे! एकाच धरणाकडे एकाच वेळी वीज आणि पाणी दोन्ही मागितले जाते. आणि पुढे, कृष्णा जेथून बेळगाव जिल्ह्यात शिरते, तेथे चिकोडी, रायबाग, अथणी या तालुक्यांतील नदीपात्र उन्हाळ्यात कोरडे पडू लागले, की कर्नाटकाकडूनही कोयनेच्या पाण्याची मागणी अनेकदा झाली आहे.

धरणाच्या पायथ्याशी, पूर्वेच्या बाजूसही एक छोटे वीजगृह आहे. शेतीसाठी नदीत सोडलेले पाणी त्यातून जाते. तथापि तेथे उंची थोडी. जे हजार लिटर पाणी पोफळीला एक युनिटाहून अधिक देते, ते येथे त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी देते. म्हणून हिशेब करणारा अभियंता म्हणतो, पाणी पश्चिमेला सोडा. जतचा शेतकरी म्हणतो, वीज कोळशापासूनही होते, जोंधळा पाण्यावाचून होत नाही. दोघांचेही बरोबर आहे. पाऊस चांगला झाला, तर हे भांडण मिटल्यासारखे दिसते. पावसाने ओढ दिली, की ते पुन्हा वर येते. कोयना धरणाने उठविलेली गावे आणि त्यांच्या पुनर्वसनाचे पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळलेले प्रश्न, तसेच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा तो भयंकर भूकंप, यांचीही नोंद या जमाखर्चात खर्चाच्या बाजूस झाली पाहिजे.

या वादाला तोड असू शकते, याचे एक लहानसे उदाहरण बेळगाव आणि गोवा येथील श्रोत्यांच्या अगदी दाराशी आहे. चंदगड तालुक्यात, घाटमाथ्यावर तिलारीचे पाणी अडविले आहे. ते कड्यावरून दोडामार्गच्या बाजूस कोनाळला उतरते आणि तेथे साठ-पासष्ट मेगावॅटचे वीजगृह चालविते. आकार कोयनेच्या मानाने नगण्य. पण येथून बाहेर पडणारे पाणी महाराष्ट्र आणि गोवा यांच्या संयुक्त पाटबंधारे प्रकल्पाच्या कामी येते आणि कालव्यांनी डिचोली, बार्देश, पेडणे या भागांकडे जाते. वीज झाली, आणि पाणीही वाया गेले नाही. पाताळगंगा आणि कुंडलिका यांच्याविषयी जे मघाशी सांगितले, तेच हे.

आता दुसऱ्या रेषेकडे, म्हणजे समुद्राकडे जाऊ. औष्णिक केंद्रे समुद्रकाठी का बांधतात? पुष्कळांना वाटते, केवळ बोटीने कोळसा आणण्यासाठी. ते एक कारण आहे. पण त्याहून मोठे कारण थंडाव्याचे आहे. कोळसा जाळून जी उष्णता मिळते, तिचा सुमारे तिसरा हिस्साच विजेत उतरतो. उरलेली बरीचशी उष्णता, चक्र फिरवून आलेली वाफ पुन्हा पाण्यात थिजविताना, बाहेर टाकावी लागते. अणुकेंद्राचेही तसेच. ही उष्णता शोषून घ्यावयास अफाट पाणी लागते आणि ते समुद्राजवळ फुकट मिळते. म्हणून तुर्भ्याचे केंद्र १९५६ साली मुंबईच्या बंदराच्या काठी सुरू झाले. म्हणून भारतातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली तारापूरला समुद्राच्या काठी चालू झाले. डहाणूचे ५०० मेगावॅटचे आणि जयगडचे १,२०० मेगावॅटचे केंद्रही त्याच न्यायाने किनाऱ्यावर आली. उरणचे केंद्र मुंबई हायच्या समुद्रातून आलेल्या वायूवर १९८२ साली सुरू झाले.

पण समुद्राचे पाणी फुकट म्हणजे कोणाचेच नव्हे, असे मात्र नाही. ते कोळ्याचे शेत आहे. केंद्रातून कोमट झालेले पाणी परत सोडले जाते, केंद्राच्या आसपास होड्यांना मज्जाव होतो, आणि जमीनही जाते. तारापूरचा विस्तार झाला, २००५ आणि २००६ साली ५४० मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्या सुरू झाल्या, तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. तारापूरच्या विजेची गोष्ट सांगताना ही दोन नावे गाळू नयेत.

डहाणूची हकीकत थोडी निराळी आणि शिकण्याजोगी आहे. चिकूच्या वाड्यांचा हा तालुका. तेथे कोळशाचे केंद्र येणार म्हटल्यावर बागायतदार आणि पर्यावरणाचे कैवारी न्यायालयात गेले. केंद्र थांबले नाही. पण १९९१ साली तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला आणि १९९६ साली त्यावर देखरेखीसाठी एक प्राधिकरण नेमले गेले. या प्राधिकरणाने पाठपुरावा केला, आणि धुरातील गंधकाचे द्रव्य समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा २००७ साली तेथे बसली. देशातील बहुसंख्य कोळसा-केंद्रांना त्या काळी अशी यंत्रणा नव्हती. लोकांनी चिकाटी धरली, तर केंद्रही राहते आणि वाडीही राहते, हा धडा डहाणूने दिला.

अंजनवेलचा धडा मात्र कडू आहे. गुहागर तालुक्यातील या केंद्राला सर्वजण दाभोळ प्रकल्प किंवा एन्रॉन म्हणूनच ओळखतात. १९९२ साली बोलणी झाली, १९९५ साली नव्या सरकारने करार रद्द केला, १९९६ साली तो पुन्हा झाला आणि १९९९ साली वीज सुरू झाली. इंधन आयात केलेले, किंमत डॉलरशी बांधलेली, आणि वीज घेतली नाही तरी स्थिर आकार देणे राज्य वीज मंडळाला भाग. दोन वर्षांतच हा भार पेलेना. २००१ साली मंडळाने वीज घेणे बंद केले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील मूळ कंपनीचे दिवाळे वाजले. २००५ साली सरकारी संस्थांनी नवी कंपनी काढून केंद्र उभे केले, पण पुढे देशी वायू आटला आणि यंत्रे पुन्हा थंडावली; २०१५ पासून काही वर्षे रेल्वेला वीज देऊन ते कसेबसे चालले. यंत्रे उत्तम होती, जागा उत्तम होती. चुकले ते इंधनाचे आणि कराराचे गणित. कोयनेचे पाणी आकाशातून येते. त्याला डॉलरचा भाव ठाऊक नसतो.

जैतापूरजवळ माडबनच्या सड्यावर ९,९०० मेगावॅटचा अणुप्रकल्प योजिला आहे. फ्रान्सशी त्याचा करार २०१० साली झाला. साखरीनाट्याच्या मच्छीमारांनी आणि आंबा-बागायतदारांनी त्यास विरोध केला. २०११ साली तेथे गोळीबार होऊन एक माणूस दगावला. दीड दशक लोटले तरी तेथून वीज आलेली नाही.

तेव्हा पुढची वाट कोणती? वारा आहे, सूर्य आहे. पण कोकणात पावसाळ्याचे चार महिने सूर्य ढगाआड जातो, आणि रात्रीचे दिवे सूर्यावर लावता येत नाहीत. येथे घाट पुन्हा एकदा उपयोगी पडतो. दुपारी सूर्याची वीज उतू जाते, तेव्हा तिच्या जोरावर खालच्या तलावाचे पाणी वरच्या तलावात चढवावयाचे आणि संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून वीज घ्यावयाची. या उलाढालीत विजेचा चौथा-पाचवा हिस्सा जातो, परंतु पाणी जात नाही. तेच ते वरखाली खेळत राहते. भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला अशी २५० मेगावॅटची योजना २००८ साली झाली आहे. भिऱ्यासही अशी सोय आहे. २०२३ साली शिरवटा आणि भिवपुरी येथे मिळून २,८०० मेगावॅटच्या नव्या योजनांसाठी राज्य सरकार आणि टाटा कंपनी यांच्यात सामंजस्य करार झाला. खोपोलीचे चाक फिरविणाऱ्या शंभर वर्षांपूर्वीच्या तलावाला हे नवे काम मिळू पाहत आहे. अशा योजना वाढल्या, तर संध्याकाळच्या विजेसाठी कोयनेचे पाणी समुद्राला देण्याची निकड कमी होईल, आणि जतच्या शेतकऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्यास वाव मिळेल. अर्थात तलाव बांधावयाचे म्हणजे घाटावरची राने जाणार. तेथेही मुळशीचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

गोव्याच्या श्रोत्यांना वाटेल, हे सारे महाराष्ट्राचे. पण गोव्यात स्वतःचे मोठे वीजकेंद्र नाही. पणजीतला दिवा दूरच्या कोळशावर जळतो. ती वीज आणण्यासाठी मोले येथील अभयारण्यातून नवी वाहिनी न्यावयाची ठरली, तेव्हा २०२० साली गोव्यातील तरुण रस्त्यावर आले. वीज बाहेरून आणली, म्हणून तिची किंमत टळत नाही. ती दुसऱ्याच्या गावात आणि वाटेवरच्या रानात द्यावी लागते.

महिन्याच्या बिलावर युनिटे आणि रुपये छापलेले असतात. घाटावरचे हजार लिटर पाणी, किनाऱ्यावरची मासेमारीची जागा, चिकूची वाडी, बुडालेले भातखाचर यांचा रकाना त्यावर नसतो. तो रकाना आपण मनात धरला, तर दोन गोष्टी आपोआप होतील. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करण्यास हात पुढे होईल; आणि नवे केंद्र येणार असे ऐकले, की किती मेगावॅट एवढे विचारून आपण थांबणार नाही. पाणी पुढे कोठे जाणार, जमीन कोणाची आणि इंधन कोठले, हेही विचारू. हे प्रश्न केंद्र बांधण्यापूर्वी विचारले जावेत, म्हणजे त्यांची उत्तरे मुळशीसारखी उशिरा शोधावी लागणार नाहीत.